उभं राहायचं, बसायचं की पाडायचं?

वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात ब्रिटन आणि अमेरिकेतल्या, परदेशी स्थलांतराला आळा घाला म्हणणाऱ्या पुढाऱ्यांवर एक छोटी नोंद छापली होती. त्यावर आलेल्या पत्रांत त्यांच्या धोरणापेक्षा त्यांच्या उमेदवारीबद्दलच जास्त विचारलं आहे. निवडक प्रश्नांना आमच्या निवडणूक-अभ्यासकांनी दिलेली उत्तरं अशी.

नायजेल फराज ब्रिटिश संसदेच्या निवडणुकीत सात वेळा पडले, असं तुम्ही लिहिलं. एवढ्या वेळा पडलेला माणूस टिकला कसा आणि आठव्यांदा जिंकला कसा? (एक वाचक, सांगली)

आधी ते सात पराभव पाहू. १९९४ ईस्टली पोटनिवडणूक, १९९७ सॉल्झबरी, २००१ बेक्सहिल अँड बॅटल, २००५ साउथ थॅनेट, २००६ ब्रॉम्ली अँड चिझलहर्स्ट पोटनिवडणूक, २०१० बकिंगहॅम आणि २०१५ पुन्हा साउथ थॅनेट. ईस्टलीत त्यांना फक्त ९५२ मतं मिळाली होती.

टिकले ते दुसऱ्या दारामुळे. १९९९ पासून ब्रिटनमध्ये युरोपीय संसदेची निवडणूक प्रमाणशीर पद्धतीने होऊ लागली. मतदाराने पक्षाच्या यादीला मत द्यायचं आणि मतांच्या प्रमाणात जागा वाटायच्या. त्या वर्षी फराज यांच्या यूके इंडिपेंडन्स पक्षाला सुमारे ७ टक्के मतं पडली आणि तीन खासदार मिळाले. त्यांत आग्नेय इंग्लंडच्या यादीतून फराज होते, आणि ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडेपर्यंत, म्हणजे २०२० पर्यंत, ते तिथेच राहिले. पगार, कार्यालय, कर्मचारी आणि टीव्हीवर बोलवलं जाण्याइतकी ओळख त्यांना याच खुर्चीने दिली. वेस्टमिन्स्टरमध्ये मात्र आपल्यासारखीच पद्धत आहे, ज्याला सगळ्यांत जास्त मतं तो निवडून येतो. तिथे देशभर विखुरलेली मतं वाया जातात. २०१५ मध्ये त्यांच्या पक्षाला ३८ लाखांहून जास्त, म्हणजे १२.६ टक्के मतं मिळाली आणि जागा मिळाली एकच.

त्यांचे काही पराभव मतदारसंघ निवडण्यातल्या चुकीचे आहेत. बकिंगहॅम ही सभापती जॉन बर्को यांची जागा होती. सभापतींविरुद्ध मोठे पक्ष उमेदवार देत नाहीत असा संकेत आहे, तेव्हा नाराज हुजूर मतदार आपल्याकडे वळतील असा हिशेब होता. पण तीच नाराजी एका अपक्षाकडेही गेली आणि फराज तिसरे आले. (मतदानाच्या सकाळीच त्यांचं छोटं विमान मागे बांधलेल्या प्रचारफलकात अडकून कोसळलं होतं, त्यातून ते वाचले.) २०१५ मध्ये साउथ थॅनेटला हुजूर पक्षाने क्रेग मॅकिन्ले यांना उभं केलं. ते स्वतः एके काळी फराज यांच्याच पक्षाचे नेते होते. त्यामुळे 'मुद्दा तोच, पण सरकार आमचं' असं तिथल्या मतदाराला सांगणं सोपं गेलं. फराज २,८१२ मतांनी पडले.

आमच्या मते पराभवांपेक्षा जास्त महागात पडली ती एक न लढलेली जागा. २०१३ मध्ये ईस्टलीला पुन्हा पोटनिवडणूक झाली. फराज उभे राहिले नाहीत, तरी त्यांच्या पक्षाच्या डायेन जेम्स दुसऱ्या आल्या आणि फक्त १,७७१ मतांनी हरल्या. पक्षप्रमुख स्वतः उभा असता तर ही जागा हाती लागण्याची शक्यता बरीच होती. २०१४ मध्ये न्यूआर्कच्या पोटनिवडणुकीलाही त्यांनी दुसऱ्याच दिवशी नकार दिला, कारण महिन्याभरात युरोपीय निवडणूक होती आणि एका जागेसाठी देशभरचा प्रचार सोडणं परवडणारं नव्हतं. हा दुसरा नकार मात्र योग्यच होता. त्या मे महिन्यात त्यांच्या पक्षाने २४ जागा जिंकून पहिला क्रमांक मिळवला.

२०२४ मध्ये ते क्लॅक्टनमधून लढले आणि तीन गोष्टी जुळून आल्या. पहिली म्हणजे जागा. क्लॅक्टन ज्या टेंड्रिंग नगरपरिषदेत येतं तिथे २०१६ च्या सार्वमतात सुमारे ७० टक्के मतं युरोपीय संघ सोडण्याच्या बाजूने पडली होती. निवृत्त लोकांची वस्ती मोठी, आणि फराज यांच्या जुन्या पक्षाने (आता त्यांचा पक्ष रिफॉर्म यूके होता) ही जागा २०१४ आणि २०१५ अशी दोनदा जिंकलेली. दुसरी म्हणजे वेळ. २३ मे रोजी त्यांनी आपण उभे राहणार नाही असं सांगितलं होतं आणि ३ जूनला निर्णय फिरवला. अर्जाची मुदत ७ जूनच्या दुपारी चारला संपत होती. चार दिवस उरले असताना विरोधकांना त्यांच्यासाठी खास उमेदवार शोधायला वेळच राहिला नाही. पक्षाने आधी ठरवलेल्या स्थानिक उमेदवाराला मात्र बाजूला व्हावं लागलं. तिसरी आणि खरी गोष्ट म्हणजे हुजूर पक्षाची घसरण. २०१९ मध्ये देशभर ४३.६ टक्के असलेली त्यांची मतं २३.७ वर आली. क्लॅक्टनमधलं २४,७०२ मतांचं हुजूर मताधिक्य वाहून गेलं आणि फराज २१,२२५ मतं मिळवून ८,४०५ ने जिंकले.

पद्धत मात्र तीच राहिली. रिफॉर्म यूकेला १४.३ टक्के मतं आणि पाच जागा, तर लिबरल डेमोक्रॅट्सना १२.२ टक्के मतं आणि ७२ जागा. लिबरल डेमोक्रॅट्सनी ठरावीक मतदारसंघांत माणसं आणि पैसा ओतला होता. रिफॉर्मची मतं सगळीकडे सारखी पसरली आणि ९८ ठिकाणी ते दुसरे आले.

२०१९ मध्ये फराज यांनी ३१७ जागांवर उमेदवार दिले नाहीत. मग तो पक्ष लढत तरी कशाला होता? (एक वाचक, पुणे)

३१७ हा आकडा २०१७ मध्ये हुजूर पक्षाने जिंकलेल्या जागांचा आहे. फराज यांच्या तेव्हाच्या ब्रेक्झिट पक्षाने (पुढे याचंच नाव रिफॉर्म यूके झालं) तिथे उमेदवार दिले असते तर मतविभागणी होऊन ब्रेक्झिटला विरोध करणारे निवडून आले असते. ११ नोव्हेंबर २०१९ रोजी हार्टलपूलमध्ये फराज यांनी माघारीची घोषणा केली, अर्ज भरायची मुदत संपायला तेव्हा तीन दिवस होते. स्वतः उभं राहणार नसल्याचं त्यांनी आधीच सांगितलं होतं.

मजूर पक्षाच्या जागांवर मात्र त्यांनी उमेदवार ठेवले. कारखाने बंद पडलेल्या गावांतले जुने मजूर मतदार हुजूर पक्षाला कधीच मत देणार नाहीत, पण ब्रेक्झिट पक्षाला देतील, हा त्यामागचा विचार. तो अर्धाच खरा ठरला. हार्टलपूलमध्ये मजूर पक्षाला १५,४६४, हुजूर पक्षाला ११,८६९ आणि ब्रेक्झिट पक्षाचे रिचर्ड टाइस यांना १०,६०३ मतं पडली. दोघांनी मिळून पाडायचं ठरवलेला उमेदवार दोघांच्या भांडणात वाचला. २०२१ च्या पोटनिवडणुकीत ती तिसरी मतं बरीचशी मोकळी झाली आणि हुजूर पक्षाने तीच जागा ६,९४० मतांनी घेतली.

अशी माघार घेणाऱ्याची अडचण पुढे सुरू होते. सरकार येतं, पण त्याच्यावर तुमचा लगाम राहत नाही, कारण सभागृहात तुमचं कोणीच नसतं. ८० च्या बहुमताने आलेल्या सरकारने जानेवारी २०२१ पासून गुणांवर आधारित व्हिसापद्धत लागू केली. युरोपातून येणाऱ्यांना अटी लागल्या, पण बाहेरच्या कुशल कामगारांसाठी पगाराची अट खाली आली आणि शिक्षण संपल्यावर दोन वर्षं राहण्याची सोय विद्यार्थ्यांना परत मिळाली. पुढे वृद्धसेवेच्या कामालाही व्हिसा मिळू लागला. २०२३ च्या मध्यापर्यंतच्या वर्षात निव्वळ स्थलांतर ९ लाखांच्या वर गेलं. ज्या मुद्द्यासाठी जागा सोडल्या तोच मुद्दा दुप्पट होऊन परत आला, आणि २०२४ मध्ये रिफॉर्मने हुजूर पक्षासाठी अशी सरसकट माघार घेतली नाही ती यामुळे.

रिफॉर्म यूकेचा नेता एका पत्रकार परिषदेत बदलतो, हे कसं चालतं? (एक वाचिका, कोल्हापूर)

रिफॉर्म यूके तेव्हा कायद्याने मर्यादित कंपनी होती आणि निम्म्याहून जास्त समभाग फराज यांच्याकडे होते. त्यामुळे ३ जून २०२४ ला टाइस यांच्या जागी नेता व्हायला सदस्यांचं मतदान घ्यावं लागलं नाही. २०२५ मध्ये हा ढाचा बदलून भागधारक नसलेली कंपनी करण्यात आली.

अमेरिकेत टॉम टॅनक्रेडो यांनी राष्ट्राध्यक्षपदासाठी उभं राहून मतदानाआधीच माघार घेतली. मग गव्हर्नरपदासाठी दुसऱ्याच पक्षाकडून लढले. हा धरसोडपणा नव्हे का? (एक वाचक, नागपूर)

धरसोड वाटते खरी, पण प्रत्येक पावलामागे तिथल्या निवडणूक पद्धतीचं एकेक गणित आहे.

टॅनक्रेडो कोलोरॅडोच्या सहाव्या मतदारसंघातून १९९८ मध्ये प्रतिनिधीगृहात निवडून आले. स्थलांतराचा मुद्दा घेऊन १९९९ मध्ये त्यांनी खासदारांचा स्वतंत्र गट काढला. तीन वेळाच राहीन असं वचन दिलं होतं, ते मोडून २००४ मध्ये ते चौथ्यांदा उभे राहिले. वचनभंगाचा हा ठपका पुढे कायम चिकटला.

२००७ ची राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी जिंकण्यासाठी नव्हतीच. रिपब्लिकन पक्षात उमेदवार ठरवायला आधी राज्याराज्यांत पक्षांतर्गत मतदान होतं, आणि त्याआधी अनेक महिने टीव्हीवर वादचर्चा चालतात. त्या मंचावर जागा मिळाली की बाकीच्यांना आपल्या प्रश्नाचं उत्तर द्यावंच लागतं. ते काम डिसेंबरपर्यंत झालं. पहिलं मतदान आयोवात ३ जानेवारी २००८ ला होतं. तोपर्यंत थांबले असते तर जी काही दोन-तीन टक्के मतं मिळाली असती ती या मुद्द्यावर त्यांना जवळच्या वाटणाऱ्या उमेदवारातूनच कापली गेली असती. म्हणून २० डिसेंबर २००७ ला त्यांनी माघार घेऊन मिट रॉम्नी यांना पाठिंबा दिला. निकालात मतांचा आकडा दिसण्याआधी बसलं की ताकद झाकलेली राहते, हाही त्यातला फायदा.

२०१० चं प्रकरण जास्त शिकण्यासारखं आहे. कोलोरॅडोच्या गव्हर्नरपदासाठी रिपब्लिकन पक्षात दोन इच्छुक होते, स्कॉट मॅकिनिस आणि डॅन मेस. मॅकिनिस यांच्यावर लेखनचोरीचा आरोप आला आणि मेस नवखे होते. हरण्याची चिन्हं दिसली तर दोघांनी बाजूला व्हावं, नाहीतर मी दुसऱ्या पक्षाकडून उतरेन, असा इशारा टॅनक्रेडो यांनी जुलैत दिला. त्यांनी पक्षांतर्गत निवडणुकीला हात लावला नाही, यात मेख आहे. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत असा नियम आहे की पक्षांतर्गत निवडणूक हरलेल्याला त्याच वर्षी दुसऱ्या चिन्हावर किंवा अपक्ष लढता येत नाही. आपल्याकडे तिकीट कापलं की रातोरात पक्ष बदलून अर्ज भरतात, तशी सोय तिथे नाही. बंड करायचं तर पक्षांतर्गत मतदानाआधी. अमेरिकन कॉन्स्टिट्यूशन पक्षाकडे मतपत्रिकेवर आधीच जागा होती, त्यांचा उमेदवार बाजूला झाला आणि टॅनक्रेडो तिथे बसले.

निकाल असा लागला: डेमोक्रॅट जॉन हिकनलूपर ५१ टक्के, टॅनक्रेडो ३६.४, मेस ११.१. मतविभागणीने डेमोक्रॅट जिंकले असं सर्रास म्हटलं जातं. बेरीज करून पाहा, दोघांची मिळून ४७.५ टक्केच होतात. एकास एक लढतीत प्रचार वेगळा झाला असता, पण नुसत्या आकड्यांवरून हा आरोप टिकत नाही. दुसरं म्हणजे तिथे गव्हर्नरपदाला १० टक्के मतं मिळवणारा पक्ष 'मोठा पक्ष' गणला जातो. रिपब्लिकन पक्ष १.१ टक्क्याने त्या दर्जावर राहिला, आणि कॉन्स्टिट्यूशन पक्षासारखा किरकोळ पक्ष एकदम मोठा झाला. त्याबरोबर मोठ्या पक्षाच्या कायदेशीर जबाबदाऱ्याही आल्या, ज्या पेलायला त्यांच्याकडे माणसं नव्हती.

पुढे ते स्वगृही परतले, २०१४ मध्ये पक्षांतर्गत निवडणुकीत बॉब बोप्रे यांच्याकडून थोडक्यात हरले, आणि २०१८ साठी जाहीर केलेली उमेदवारी जानेवारीतच सोडली. पैसा उभा राहत नाही हे कारण त्यांनी दिलं. ते पटण्यासारखं आहे, कारण कोलोरॅडोत सह्यांच्या वाटेने मतपत्रिकेवर यायचं तर अमेरिकी संसदेच्या तिथल्या सातही मतदारसंघांतून प्रत्येकी १,५०० अशा १०,५०० वैध सह्या लागत. सह्या गोळा करणाऱ्यांना पैसे मोजावे लागतात आणि बाद होणाऱ्या सह्या धरून जादाच गोळा कराव्या लागतात.

तिसऱ्या पक्षाकडे जायचं आणखी एक आमिष असतं, सरकारी निधी. मागच्या राष्ट्राध्यक्षीय निवडणुकीत ५ टक्के मतं मिळवणाऱ्या पक्षाला पुढच्या वेळी पैसे मिळतात. १९९६ मध्ये रॉस पेरो यांनी अमेरिकेतल्या रिफॉर्म पक्षाला ८ टक्क्यांवर नेलं होतं. १९९६ ची न्यू हॅम्पशायरची रिपब्लिकन निवडणूक जिंकलेले पॅट ब्युकॅनन २००० मध्ये त्या पक्षात गेले आणि १ कोटी २६ लाख डॉलरचा निधी त्यांना मिळाला. मतं अर्धा टक्काही पडली नाहीत, आणि पक्षाचा पुढचा निधी तिथेच संपला.

जेफ सेशन्स आणि क्रिस कोबॅक दोघेही ट्रम्प यांचेच. मग एक संपला आणि एक परत आला, असं का? (एक वाचक, ठाणे)

सेशन्स यांनी हातची जागा सोडली. १९९७ पासूनची अलाबामाची सिनेट जागा सोडून ते २०१७ मध्ये अ‍ॅटर्नी जनरल झाले. रशियाच्या चौकशीपासून स्वतःला दूर ठेवल्याने ट्रम्प यांची मर्जी गेली आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये पद गेलं. २०२० मध्ये ते जुन्याच जागेसाठी उतरले. अलाबामात पक्षांतर्गत निवडणुकीत ५० टक्क्यांहून जास्त मतं लागतात, नाहीतर पहिल्या दोघांची फेरनिवडणूक होते. मार्चमध्ये टॉमी ट्यूबरव्हिल आणि सेशन्स यांच्यात दोनच टक्क्यांचं अंतर होतं. फेरनिवडणूक ३१ मार्चला व्हायची ती कोविडमुळे १४ जुलैपर्यंत लांबली. ट्रम्प ट्यूबरव्हिलच्या बाजूने होते, आणि सेशन्स मोठ्या फरकाने पडले.

कॅन्ससमध्ये फेरनिवडणूक नाही, जास्त मतं मिळाली की पुरे. ॲरिझोनाचा २०१० चा कडक स्थलांतर कायदा लिहिण्यात हात असलेले कोबॅक २०१८ मध्ये सुमारे ४१ टक्के मतांवर, फक्त ३४३ मतांनी, गव्हर्नरपदाची रिपब्लिकन उमेदवारी जिंकले. पक्षातले निम्म्याहून जास्त मतदार दुसऱ्या कोणासोबत होते आणि ते सगळे नोव्हेंबरमध्ये परत आले नाहीत. डेमोक्रॅट लॉरा केली जिंकल्या. २०२० मध्ये सिनेटच्या उमेदवारीतही ते हरले. मग २०२२ मध्ये त्यांनी एक पायरी खालचं पद निवडलं, राज्याचं अ‍ॅटर्नी जनरलपद, आणि दोन टक्क्यांहून कमी फरकाने का होईना निवडून आले. स्वभाव आणि कौशल्य वकिलाचं असेल तर वकिलाचंच पद मागावं. हा निर्णय त्यांनी चार वर्षं आधी घ्यायला हवा होता.

इनॉक पॉवेल यांनी पक्ष का सोडला? (एक वाचिका, सातारा)

१९६८ च्या बर्मिंगहॅमच्या स्थलांतरविरोधी भाषणानंतर हुजूर पक्षाने त्यांना छायामंत्रिमंडळातून काढलं, तरी खासदारकी राहिली. पक्ष सोडला तो स्थलांतरावरून नव्हे, युरोपीय बाजारपेठेत जाण्यावरून. फेब्रुवारी १९७४ मध्ये मतदानाला तीन आठवडे असताना त्यांनी वुल्व्हरहॅम्प्टनमधून उभं राहण्यास नकार दिला आणि युरोपबाबत सार्वमताचं आश्वासन देणाऱ्या मजूर पक्षाला मत द्या असं सुचवलं. ऑक्टोबरमध्ये ते उत्तर आयर्लंडच्या साउथ डाउनमधून अल्स्टर युनियनिस्ट म्हणून निवडून आले आणि १९८७ पर्यंत राहिले. खासदारकी टिकली, पण इंग्लंडमधला मतदार कायमचा तुटला.

ठाकरे घराणं निवडणूक लढत नसे, तेही याच प्रकारात येतं का? (एक वाचक, दादर)

मुद्द्यात मोठा फरक आहे. आपल्याकडे देशांतर्गत स्थलांतर आहे, आणि राज्यघटनेच्या १९ व्या कलमाने कोणत्याही नागरिकाला कुठेही जाऊन राहण्याचा हक्क दिला आहे. राज्यात सत्ता मिळाली तरी व्हिसा बंद करण्यासारखं काही करता येत नाही. म्हणून मागण्या नोकऱ्या, भाषा आणि पाट्यांपर्यंत येऊन थांबतात.

न लढण्याचा हिशेबही वेगळा. बाळासाहेब ठाकरे कधीच उभे राहिले नाहीत, तरी १९९५ चं सरकार त्यांच्या शब्दावर चालत होतं. ब्रिटनमध्ये सभागृहाबाहेरच्या नेत्याला पंतप्रधानांना प्रश्न विचारता येत नाही. आपल्याकडे विधान परिषदेचं दार आहे आणि निवडून न येता सहा महिने मंत्री राहता येतं. उद्धव ठाकरे नोव्हेंबर २०१९ मध्ये मुख्यमंत्री झाले आणि मे २०२० मध्ये परिषदेवर बिनविरोध गेले. राज ठाकरे यांनी ३१ मे २०१४ रोजी विधानसभा लढवण्याची घोषणा केली आणि नंतर तो विचार सोडला. मनसेचे २००९ मध्ये १३ आमदार होते, २०१४ आणि २०१९ मध्ये एकेक, २०२४ मध्ये एकही नाही. पक्ष घसरत असताना नेत्याने मैदान टाळलं की कार्यकर्त्याला ते लगेच कळतं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पाडण्याची ताकद मात्र खरी होती. २००९ च्या लोकसभेला मनसेने मुंबईतल्या प्रत्येक जागेवर लाखाच्या वर मतं घेतली त्या वेळी युतीला मुंबईतली एकही जागा मिळाली नाही. २०२४ मध्ये माहीममध्ये अमित ठाकरे उभे राहिले तेव्हा शिंदे गटाच्या सदा सरवणकरांनी बसायला नकार दिला. ठाकरे गटाचे महेश सावंत १,३१६ मतांनी जिंकले आणि अमित तिसरे आले. मित्रपक्षाचा अर्ज मागे घेतला जाईल हे लेखी किंवा प्रत्यक्ष झाल्याशिवाय घरच्या माणसाला उतरवू नये.

मुलगा रीडिंगला नोकरी करतो, पासपोर्ट भारतीय आहे. हे सगळं वाचून त्याला मत द्यावंसं वाटतं. देता येईल का? (एक वाचिका, नाशिक)

हो, आणि ही गोष्ट तिकडच्या अनेक मराठी घरांत माहीत नसते. ब्रिटनमध्ये कायदेशीर व्हिसावर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला राष्ट्रकुल देशाचा नागरिक म्हणून संसदेच्या निवडणुकीतही मतदान करता येतं. विद्यार्थी व्हिसा असला तरी चालतो. फ्रेंच किंवा जर्मन नागरिकाला हा हक्क नाही.

नाव सरकारी संकेतस्थळावर नोंदवायचं, दहा मिनिटांचं काम आहे. नॅशनल इन्शुरन्स क्रमांक जवळ ठेवा. मतदानाच्या १२ कामकाजाचे दिवस आधी नोंदणी बंद होते. इंग्लंडमध्ये २०२३ पासून छायाचित्र असलेलं ओळखपत्र दाखवावं लागतं, त्यासाठी भारतीय पासपोर्ट चालतो. घोळ होतो तो नावाचा. पासपोर्टवर माहेरचं नाव आणि मतदारयादीत सासरचं, किंवा पासपोर्टवर वडिलांचं नाव मध्ये आणि यादीत गायब. नोंदणी करताना नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा. सुनेचं नाव बदललेलं असेल तर तिने विवाहाचा दाखलाही बरोबर न्यावा.

त्याला उभंच राहायचं असेल तर कामाचा व्हिसा पुरत नाही, कायम वास्तव्याचा परवाना हवा. त्यानंतर मतदारसंघातल्या दहा मतदारांच्या सह्या आणि ५०० पौंड अनामत. ती परत मिळायला ५ टक्क्यांहून जास्त मतं लागतात. आपल्याकडे विधानसभेला १०,००० रुपये आणि एक षष्ठांश मतं लागतात, त्या मानाने तिकडे डिपॉझिट वाचवणं सोपं आहे. एका अर्जावरच्या पहिल्या दहाच सह्या धरतात, जादा सह्यांचा उपयोग होत नाही. एखादा सही करणारा दुसऱ्या मतदारसंघातला निघाला तर अर्ज बाद होतो, म्हणून मुदतीच्या दोन दिवस आधी निवडणूक कार्यालयात अर्ज तपासून घ्यावा.